दगडावरची एकतीस तारीख

विंडर्स रन, पेनसिल्व्हेनिया
२९ जानेवारी

रीजिस,

प्रिय वगैरे काही लिहीत नाही. राग आला तर येऊ दे. आईला पुरल्यापासून तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिली नसती, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि वॉल्टला सांगून झालंय. वॉल्ट म्हणाला, "असेल काहीतरी चूक," आणि हॉकी बघायला बसला. नवरा म्हणजे नवराच.

मला बँकेने खातं उघडू दिलं नाही. मला! तीस वर्षं शाळेच्या कॅन्टीनमध्ये एका सेंटचा घोळ केला नाही, त्या मला!

सगळं सांगते. आपलं सेंट सिरिल चर्च ख्रिसमसनंतर बंद झालं. बिशपने कुलूप घातलं, विषय संपला. पण तळघरातल्या आम्हा पिरोगीवाल्या बायकांचं काय? ईस्टरआधीचे लेंटचे उपासाचे शुक्रवार तोंडावर आलेत, अर्धं गाव मांस सोडून आमच्या बटाटा-चीज भरून उकडलेल्या पिरोगींवर जगतं. तेव्हा अग्निशमन दलाच्या फायर हॉलचा चीफ म्हणाला, माझं स्वयंपाकघर वापरा, पण भाडं तुमच्या मंडळाच्या खात्यातून चेकने पाहिजे, एक मार्चच्या आत. नाहीतर ते स्वयंपाकघर मासे तळणाऱ्या बाप्यांना जाणार. माशांना! आईने चाळीस वर्षं ज्या टेबलावर पीठ लाटलं, ते टेबल आम्ही चर्चमधून उचलून तिथे नेऊन ठेवलंय, त्यावर आता हे हॅडक माशाचे तुकडे टाकणार.

म्हणून आम्ही तिघी मेन स्ट्रीटवरच्या नव्या बँकेत गेलो. मिसेस कोस्टेलनिक, डोलोरेस व्राबेल आणि मी. गल्ला बावीस वर्षं माझ्याकडे, म्हणून पहिली सही माझी. काउंटरवर केन्झी नावाची पोरगी, ती पहिलीत असताना मी तिला दूध वाढलंय. तिने माझं नाव, जन्मतारीख, नंबर घातला आणि तिचा चेहराच उतरला.

"मिसेस सेबोल, सिस्टिम नको म्हणतेय."

"कुणाला नको म्हणतेय?"

"तुम्हाला. बाकी दोघी चालतील."

रीजिस, मला वाटलं, कर्जाचं काही असेल, पण आमचं घर फिटलंय, गाडी फिटलीय. ती म्हणाली, हे त्याच्यातलं नाही. एक कंपनी आहे म्हणे, ती फक्त बँकखात्यांचा इतिहास ठेवते. कुणाचं खातं बँकेने स्वतःहून बंद केलं, कुणी खातं उणे ठेवून पाठ फिरवली, सगळं. नवं खातं उघडायच्या आधी बँका तिथे नाव घालून बघतात. एकदा नाव चढलं की पाच वर्षं हलत नाही. चौपन्न वर्षं जगले, दर महिन्याला चेक लिहिले, पण आपल्यामागे कुणी असलं काही लिहून ठेवतं हे मला ठाऊकच नव्हतं. जुनं खातं चालू असतं तोवर कळायचं कारणच नाही ना.

गाडीत बसलो. मग मिसेस कोस्टेलनिक, वय ब्याऐंशी, पर्स मांडीवर धरून म्हणाली, "बर्नी, चोरी केली असशील तर सांगून टाक. आम्ही तुला पिरोगी वळायला ठेवू. फक्त गल्ल्यावर नाही."

ती थट्टा करत नव्हती. मागे बसलेली डोलोरेस खिडकीबाहेर बघत होती. मी कुठे तोंड लपवू सांग?

तो अहवाल फुकट मागवता येतो म्हणे. आमच्या पोरीने, टेसने, संगणकावरून मागवलाय. तुला हे का लिहिलं, माझं मलाच कळत नाही. आई नाही, भाऊ तेवढा तूच, म्हणून असेल.

बर्नाडेट

६ फेब्रुवारी

रीजिस,

आता कळलं, तुलाच का लिहायचं होतं ते.

अहवाल आला. एकच नोंद आहे, आणि ती आईच्या खात्याची. पुलाजवळच्या जुन्या बँकेतलं. आईने पडण्याच्या भीतीने माझं नाव त्यावर घातलं होतं, "मी घसरून पडले तर बिलं कोण भरणार?" म्हणून. तू तिला सांभाळायला इथे आलास त्याच्या आधीच्या वर्षी. नाव घालणं म्हणजे नुसती सहीची सोय, असं तिलाही वाटलं आणि मलाही. पण कागदाच्या लेखी ते खातं माझंही होतं. अहवालात लिहिलंय की खातं उणे गेलं, अकराशे सत्त्याऐंशी डॉलर, बँकेने बंद केलं, पैसे कुणी भरले नाहीत. आई गेल्यानंतरच्या फेब्रुवारीत.

मी शेवटचा चेक लिहिला तो थडग्याच्या दगडावर आईची तारीख कोरणाऱ्याला, डिसेंबरमध्ये. त्यानंतर खात्यात चाळीसेक डॉलर उरले होते. पडू देत, एखादं राहिलेलं बिल येईल, म्हणून ठेवले. चाळीस डॉलरचे उणे अकराशे कसे होतात? भुतं येऊन काढून नेतात का?

तुझ्याकडे आईचं कार्ड शेवटचे तीन महिने होतं. तिचा गुप्त नंबर तुला पाठ होता, कारण तो बाबांच्या कामगार बिल्ल्याचा नंबर होता. कार्ड तू मला परत दिलंस, हे खरं. चर्चच्या तळघरात, अंत्यविधीच्या जेवणातच, मी सगळ्यांसमोर विचारलं, "रीजिस, आईचं कार्ड कुठंय?" आणि तू ते माझ्या ताटाजवळ हॅमच्या कापांवर ठेवलंस, कोट उचललास आणि गेलास. ते मी विचारायला नको होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. हिशेब म्हणजे हिशेब.

पण परत देण्याआधी तू काय केलंस? की नंतर दुसरं मागवलंस?

टेसला दर ख्रिसमसला पोस्टाची मनिऑर्डर पाठवतोस. मी दरवेळी म्हणते, या माणसाचे चेक लिहायला हात मोडतात का? वॉल्ट म्हणतो, तुझी बँक कुठली ते आपल्याला कळू नये म्हणून. मी त्याला गप्प केलं होतं. आता वाटतं, उगाच केलं.

काल डोलोरेसने गल्ल्याची पेटी "मोजायला मदत म्हणून" स्वतःच्या घरी नेली. मदत म्हणे! बावीस वर्षांत कुणाला मदत सुचली नव्हती. मला अन्न जात नाही रीजिस. घेतले असशील तर घेतले म्हण. मी भरते. पण माझ्या तोंडावर हो म्हण.

बर्नाडेट

टूसॉन, ॲरिझोना
१४ फेब्रुवारी

बर्नी,

तुझं दुसरं पत्र मी जिन्यावर उभा राहून वाचलं आणि मग तिथेच बसलो. वरच्या मजल्यावरची बाई विचारून गेली, छातीत दुखतंय का.

मी एक डॉलर काढला नाही. आणि आता नीट ऐक, कारण तुला बोलताना मध्ये तोडायची सवय आहे आणि पत्रात ते जमणार नाही.

माझंही नाव त्या खात्यावर होतं.

मी आलो त्या ऑगस्टमध्ये आईने मला बँकेत नेलं. "बर्नीला सांगू नकोस," म्हणाली, "तिला वाटेल माझा तिच्यावर भरवसा नाही." सही केली, परत येताना तिने मला डोनट घेऊन दिला. जेलीचा. बावन्न वर्षांचा घोडा मी, आणि आईने रुमालाने माझी हनुवटी पुसली.

पुढच्या मार्चमध्ये इथे आलो आणि पहिल्याच महिन्यात बँकेत गेलो. नवं गाव, नवी नोकरी, खातं पाहिजे. नाही म्हणाले. दुसरीकडे गेलो, तिथेही नाही. अहवाल मागवला. तोच, तुझ्या हातात आहे तो. खातं उणे, आईच्या मागे. कार्ड माझ्याकडून काढून घेऊन तू ठेवलं होतंस. तर मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बर्नीने खातं धुऊन काढलं आणि गावासमोर मला चोर केलं.

फोन का केला नाही? करून काय विचारणार होतो? हॅमच्या ताटासमोर जे विचारलं गेलं होतं त्यानंतर माझ्याकडे विचारायला काही उरलं नव्हतं.

तीन वर्षं माझ्याकडे बँकखातं नाही. पगाराचा चेक शुक्रवारी दारूच्या दुकानात वटवतो, दुकानदार त्यातून कापून घेतो आणि वर विचारतो, एखादी बाटली देऊ का. घरमालकाला मनिऑर्डर, विजेला मनिऑर्डर. टेसलाही म्हणूनच मनिऑर्डर. गेल्या वर्षी इथली एक चांगली खोली हातची गेली, कारण त्यांना भाडं खात्यातूनच हवं होतं. दिवसभर लोकांचे एसी दुरुस्त करतो आणि रात्री पंख्याखाली झोपतो. वॉल्टला सांग, बँकेचं नाव लपवायला आधी बँक लागते.

मग कोणी काढले, बर्नी?

रीजिस

२० फेब्रुवारी

रीजिस, अरे रीजिस,

मलाही जेलीचाच दिला होता! "रीजिसला बोलू नकोस, त्याला वाटेल मी त्याला परका केला," म्हणाली. दोघांनाही तीच थाप, तोच डोनट! आणि दोघंही मनात फुशारलो, की आईने विश्वासाने फक्त माझंच नाव घातलं. काय बाई होती! मी हसतेय की रडतेय, वॉल्टला कळेना, तो सूप गरम करायला निघून गेला.

पण तू तीन वर्षं खात्याविना राहिलास, हे वाचून माझं डोकं सुन्न झालं. मनिऑर्डरवरून मी तुला किती नावं ठेवली! आता ते आठवून लाज वाटते.

तुझं पत्र पर्समध्ये घालून मी पुलाजवळच्या बँकेत गेले. मॅनेजर ओडेल म्हणून आहे, नवा, सभ्य आहे. आईचा मृत्यूचा दाखला पुढे ठेवला आणि म्हटलं, "मला कोणी लुटलं ते सांगितल्याशिवाय मी उठणार नाही. हवं तर पोलिसांना बोलवा, त्यांचा मुख्य माझ्या ओळखीचा आहे." त्याने जुने कागद काढले. माझ्याकडे वळवले. कोणी काढले माहितीये?

सरकारने.

आईची सोशल सिक्युरिटीची पेन्शन. ती मागच्या महिन्याची असते, पुढच्या महिन्यात जमा होते. नोव्हेंबरमध्ये जमा झाली, ती ऑक्टोबरची. तीच धरून मी दगडवाल्याला चेक दिला. पण नियम असा आहे की महिना पुरा जगावा लागतो. पुरा म्हणजे पुरा, शेवटच्या दिवसासकट. शेवटच्या दिवशी माणूस गेलं तर त्या अख्ख्या महिन्याची पेन्शन त्याची नाही. जानेवारीत सरकारने ते पैसे परत ओढले, खात्यात होते चाळीस, झालं उणे. वर बँकेचा दंड. पत्रं गेली आईच्या घरी, जे आपण विकून बसलो होतो. नव्या लोकांनी टाकून दिली असतील.

आणि आई कधी गेली? एकतीस ऑक्टोबर. हॅलोवीन. तू दाराशी पोरांना चॉकलेटं वाटत होतास, आठवतं? चेटकीण झालेली ती बारकी पोरगी "आजीला एक द्या" म्हणत होती, आणि आतून मी तुला हाक मारली. रात्री नऊ वाजले असतील नसतील. तीन तास, रीजिस. तीन तासांनी एक नोव्हेंबर, सगळ्या संतांचा दिवस, लागला असता.

मी ओडेलला म्हटलं, "माझ्या आईला कुणी हे सांगितलं असतं ना, तर तिने सकाळपर्यंत दम धरला असता. कूपनाची तारीख चुकवली नाही तिने आयुष्यात." तो बिचारा हसावं की नाही या पेचात पडला.

आता दगडाचं बघ. बाबांच्या शेजारी आईचं नाव अकरा वर्षं कोरलेलंच होतं, जन्मसाल, पुढे एक रेघ, आणि मग कोरी जागा. ती जागा ती ब्रशने घासायची, "माझी खोली झाडून ठेवते" म्हणायची. त्या कोऱ्या जागेत आपण पैसे देऊन काय कोरून घेतलं? एकतीस ऑक्टोबर. जी तारीख कोरायला पैसे दिले, त्याच तारखेने पैसे आपले ठेवले नाहीत.

आणखी एक आहे. हे लिहायला मी तीन दिवस लावले.

ओडेलच्या कागदांत शेवटच्या महिन्यांतला एकेक व्यवहार होता. औषधं, किराणा, वीज. सगळं तुझ्या हातचं, सगळं आईचं. पण अंत्यविधीच्या जेवणाचा चेक कुठेच नाही. हॅम, बटाट्याचं सॅलड, सत्तर माणसांचा केक. मी समजत होते ते आईच्या खात्यातून गेलं. मिसेस कोस्टेलनिकला विचारलं. ती म्हणाली, "ते तर रीजिसने मला रोख दिले, आदल्या दिवशी. स्वतःच्या पाकिटातून. म्हणाला, बर्नीला सांगू नका."

ज्या हॅमवर तू ते कार्ड ठेवलंस तो हॅम तुझ्या पैशाचा होता. मी तुझंच जेवण जेवत तुला चोर म्हटलं. मला माफ कर. मी हे आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही, वॉल्टलाही नाही, तेव्हा जपून ठेव.

ओडेल म्हणतो, दंड माफ करतो. मूळ पैसे भरले की नोंद मागे घेण्याचं पत्र त्या कंपनीला धाडतो. पण दोन्ही खातेदारांच्या सह्या पाहिजेत. माझी केलीय. तुझी जागा कोरी आहे, कागद सोबत आहे. एक मार्चला फायर हॉलची मुदत. लवकर, रीजिस. माशांचा वास आत्तापासून यायला लागलाय.

तुझी बर्नी

१२ मार्च

रीजिस,

तुझी सही सव्वीसला पोचली, त्यात तुझी अर्ध्या पैशांची मनिऑर्डरही. ओडेलने त्याच दिवशी पत्र धाडलं. पण कंपनीकडून नोंद निघायला वेळ लागतो म्हणाला, आणि एक मार्च काही थांबत नाही.

मी चीफकडे गेले, मुदत मागायला. तिथे पोचते तो मिसेस कोस्टेलनिक आधीच त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलेली.

"खातं आम्ही दोघी आज उघडू शकतो," ती म्हणत होती. "डोलोरेस कधीची मागे लागलीय. पण पहिली सही बर्नीची असेल, नाहीतर खातं नाही. आणि खातं नाही तर तुझ्या घरी शुक्रवारी काय शिजतं ते मी बघते."

चीफने आठ दिवस वाढवून दिले. बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला तर तिने झटकला. "रडू नकोस. चोर म्हटलं ते मागे घेत नाही, तेव्हा मला तसंच वाटलं होतं. आता वाटत नाही."

सहा मार्चला आम्ही तिघी परत केन्झीसमोर. तिने नाव घातलं. मी पर्सची चेन उघडत-लावत बसले. तिने मान वर केली आणि नुसतं पेन पुढे केलं. मी सही केली ती इतकी वाकडी आली, की बँकेला संशय यावा. पहिला चेक फायर हॉलला. मासेवाले बाप्ये पार्किंगमध्ये तंबू ठोकून बसलेत. आईचं टेबल आपल्याकडे आहे. गल्ल्याची पेटी डोलोरेसने स्वतः आणून दिली, चकचकीत पुसून.

सोबत माझ्या स्वतःच्या खात्याचा एक चेक आहे. तुझ्या मनिऑर्डरची रक्कम, परत. आता असं ठरलं: जेवण तुझं, दगड माझा. तू तुझं कधीच दिलंस. दगडाचे पैसे माझे मला भरू दे.

पण हे पैसे तुला मनिऑर्डरने मिळणार नाहीत. हा चेक आहे. नोंद तुझ्याही नावावरून निघाली, ओडेलकडून खात्री करून घेतली. तेव्हा हा दारूच्या दुकानात नेऊ नकोस. बँकेत जा. कुठे वटला ते मला माझ्या कागदावर दिसेल, आणि दुकान दिसलं तर मी तिथे विमानाने येऊन तमाशा करीन. तुला माहीत आहे मी करते.

बर्नी

टूसॉन
३० मार्च

बर्नी,

गेलो. कोपऱ्यावरच्या त्याच बँकेत, जिथे पहिल्यांदा नाही म्हणाले होते. बाहेर गाडीत वीस मिनिटं बसलो, मग आत. पोरीने नाव घातलं तेव्हा मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. तिने "झालं" म्हटल्यावरही मी तसाच बसून राहिलो. ती म्हणाली, "सर, आणखी काही हवंय का?" मी म्हटलं, "नाही, जरा बसू द्या."

तुझा चेक पहिला भरला. त्या चांगल्या खोलीवाल्या बाईला फोन केला, मे महिन्यात तिथली दुसरी रिकामी होतेय.

मग पोरीने विचारलं, खात्यावर आणखी कुणाचं नाव घालायचंय का. अंगावर काटाच आला. मी म्हटलं, सही कुणाची नको, पण मी गेल्यावर हे कुणाला मिळावं एवढं लिहिता येतं का? येतं म्हणाली, त्याची वेगळी ओळ असते, जिवंतपणी त्या माणसाला काही चिकटत नाही. एवढी एक ओळ आईला कुणी दाखवली असती तर. तिथे तुझं नाव लिहिलंय. या वेळी तुला सांगतोय, आणि डोनट नाही.

ऑक्टोबरमध्ये येतोय. दगडावरची तारीख मी अजून पाहिलेली नाही. हॅमचा खर्च तुझा.

आणि तू काळजी करू नकोस. मी मरेन तो महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, उजाडल्यावर.

रीजिस